मुख्य अर्जदाराचं इंग्रजी

४ जानेवारी
ठरलं. ऑकलंडला जायचं, कायमचं. मुख्य अर्जदार मी, अहिल्या सोबत बायको म्हणून. एजंट म्हणाला, इंग्रजीच्या परीक्षेत मला नऊपैकी साडेसहा बँड लागतील, तिला पाच पुरेत. माझा प्रश्नच नाही. इतकी वर्षं इथे दिल्लीत मंत्रालयात फाइलींवर इंग्रजीच लिहितोय. काळजी अहिल्याची आहे. फिजिओथेरपिस्ट बाई, दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. तिला मी शिकवीन.

१७ जानेवारी
करोल बागेत क्लास लावला. धीरज सर म्हणतात, स्पीकिंगला इंग्रजी कमी आणि स्ट्रॅटेजी जास्त लागते. एकच गोष्ट पाठ करा आणि येईल त्या विषयाला चिकटवा. बिल्कुल पटलं. बाकीची मुलं ताजमहाल, शिमला असलं काहीतरी घेऊन बसली. मी पानिपत घेतलं. दर संक्रांतीला आमचं मंडळ बस करून तिथल्या स्मारकावर जातं आणि बसमध्ये इतिहास मीच सांगतो. परवाच सांगितला. लोक झोपले होते, पण ते पहाटे उठल्यामुळे.

२ फेब्रुवारी
गोष्ट तयार. 'इट इज सबमिटेड दॅट'ने वाक्य सुरू केलं की वजन येतं. धीरज सर म्हणाले, थोडा सिंपल रखिए. त्यांना सरकारी इंग्रजीची सवय नाही.
अहिल्याला जेवताना शिकवायला घेतलं. म्हणाली, जेवू दे.

१५ फेब्रुवारी
अहिल्या तयारी करत नाही. रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या सेल्वीकडे जाऊन बसते. सेल्वी कोइम्बतूरची, नवऱ्याच्या बदलीमुळे गाझियाबादला आलेली. तिला हिंदी येत नाही, हिला तमिळ. म्हणून दोघी इंग्रजीतून आपापल्या सासूबद्दल बोलतात. व्याकरणाचा पत्ता नाही, नुसतं खिदळणं. मी शांतपणे समजावलं की यात एकही स्ट्रॅटेजी नाही. ती हो म्हणाली आणि चपला घालून वर गेली.

९ मार्च, दुपारी
टेस्ट झाली. कार्डावर विषय: तुमच्या आवडीचं दुकान. मी मनातल्या मनात हसलो. दुकानात ब्लँकेट, ब्लँकेट पानिपतचं, की आलोच पानिपतात! पण पार्श्वभूमीशिवाय लढाई कळणार कशी? भाऊसाहेब कुंजपुऱ्याला पोचतात तोच परीक्षक बाई म्हणाल्या, थँक यू. अब्दालीने अजून यमुनाही ओलांडली नव्हती! मी म्हटलं, मॅडम, द मॅटर इज स्टिल पेंडिंग. तर त्यांनी विचारलं, त्या दुकानात शेवटचं काय घेतलंत? याची तयारी नव्हती. म्हटलं, द इन्फर्मेशन इज बीइंग कलेक्टेड.
हा सरळ दगा आहे. दोन मिनिटांत थांबवतात हे धीरज सरांनी सांगायला हवं होतं. सांगितलं असेल, पण ठासून सांगितलं नव्हतं.
अहिल्याची टेस्ट माझ्यानंतर. कशी झाली विचारलं तर म्हणाली, गप्पा झाल्या. बिचारी.

२२ मार्च
निकाल. मला पाच. अहिल्याला आठ.
काहीतरी घोळ आहे. अदलाबदल झाली असणार.
धीरज सरांना फोन केला. म्हणाले, सर, पूरा पानिपत क्यों सुना दिया? जसं काही क्लासात मी रोज दुसरंच काही म्हणत होतो. फी घेताना हाच माणूस मला स्ट्राँग कँडिडेट म्हणाला होता.

२३ मार्च
अहिल्याला आलेलं कार्ड आज कळलं: तुम्हाला काही शिकायला मदत केलेली व्यक्ती. म्हटलं चला, निदान तिथे तरी आपलं नाव निघालं असेल. सहज म्हणून विचारलं. तिने सगळा वेळ सेल्वीबद्दल सांगितलं होतं. मी म्हटलं, मी नाही आठवलो? तर म्हणाली, अरे, तुझ्याबद्दल सांगायला दोन मिनिटं पुरली नसती.
हे कौतुक आहे असं मी ठरवलं. तरी जेवण गेलं नाही. धीरज सर परके, परीक्षक बाई परक्या. ही तर घरची.

३० मार्च
एजंटकडे गेलो. निकाल बघून तो उडालाच. मुख्य अर्जदार आता अहिल्या मॅडम, म्हणाला, काम झालंच समजा. मी म्हटलं, मी परत बसतो, या वेळी ताजमहाल घेतो. तो म्हणाला, ज़रूरत ही नहीं सर, हजबंड के लिए पाँच बहुत है.
अहिल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फार लागलं ते.
शिक्षा म्हणून येताना मेट्रोत तिच्याशी एक अक्षर बोललो नाही. पार वैशाली स्टेशनपर्यंत. तिला पत्ताही लागला नाही. ती सगळा वेळ फोनवर सेल्वीशी बोलत होती.