गळका रेडिएटर आणि शशिकांतांचा पाना

सोमवार, ३ फेब्रुवारी
या नोंदींतून दोन विधाने सिद्ध करावयाची आहेत. पहिले : आमच्या गाडीचा रेडिएटर शेजारचे शशिकांत (यापुढे श.) यांच्या हातून फुटला. दुसरे : त्यांची मदत न घेता तो घरी दुरुस्त होऊ शकतो. महाविद्यालयात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. विधान आधी मांडून पुरावा मागून शोधण्यातला धोका मला ठाऊक आहे.

मुदत रविवारची. त्या दिवशी पत्नी सुमती (यापुढे सु.) हिच्यासह हरिहरेश्वर. लग्नानंतर प्रथम गेलो ते याच महिन्यात. तेव्हापासून दरवर्षी, दोघेच. आज गाडीखाली पाण्याचे थारोळे. श. कुंपणावरून : "वहिनी, माझी गाडी हाय की! सोडतो तुमाला दोघांना." सु. हसली. माझ्याकडे पाहून नव्हे.

मंगळवार, ४
पुरावा. गेल्या महिन्यात हॉर्न बंद पडला, तेव्हा श. यांनी बॉनेट उघडले. बोटीच्या इंजिनखान्यात नोकरी झालेला माणूस. परवानगी मागण्याची सवय नाही. पाना निसटून रेडिएटरवर आपटला, हे मी खिडकीतून पाहिले. "वहिनी, तुमच्या चहाला आलं जास्त झालं, बघा हात कसा कापतोय!" सु. पदर तोंडाला लावून हसत होती. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या बोलण्यावर ती तशी

असो. सायंकाळी तिला सांगितले, रेडिएटर त्यांच्या पान्याने फुटला.
"तुम्ही पाहिलंत?"
"पाना पडताना पाहिला."
"आणि फुटताना?"
तर्कशास्त्र ती कधी शिकलेली नाही.

गुरुवार, ६
इंजिन पूर्ण गार असताना पाणी काढले. नळ्या, पंखा, बोल्ट. एक बोल्ट गंजून बसलेला. सु. : "शशीभावजींना हाक मारू?" नको म्हणालो. खोबरेल तेल घालून दुपारपर्यंत वाट पाहिली; सुटला.

सु. ने माझे विधान कुंपणापलीकडे पोहोचवले होते. श. आले, चपला पायरीखाली काढून उभे राहिले. "सर, वहिनी बोलल्या. पाना माझाच पडला व्हता. माझ्याच हातनं झालं आसंल. चुकलं माझं. नवा रेडिएटर मी आणतो अलिबागवरनं."
मी : "आवश्यकता नाही."
ते गेल्यावर सु. : "किती पटकन कबूल केलं! असा माणूस मला आवडतो."
वाक्य जसेच्या तसे उतरवले आहे.

शुक्रवार, ७
सकाळी चाचणी. रेडिएटरची तोंडे रबरी बुचांनी बंद करून हौदात बुडवला, एका नळीतून सायकलच्या पंपाने हवा. पंप सु. ने मारला. माझी दृष्टी खालच्या कोपऱ्यावर, जेथे पान्याने पाती वाकली आहेत. बुडबुडा नाही. पुन्हा, जोराने. नाही.
"अहो, वर बघा ना. इथून येतायत."
वर, वाकलेल्या पात्यांपासून चांगले वीतभर दूर. बारीक भोक, भोवती पांढरी खरपुडी. ॲल्युमिनियम आतून खाल्ले गेले आहे.

दिवाळीनंतर आमच्या विहिरीला खार चढतो. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून सु. ते स्वयंपाकाला घेत नाही. मी मात्र दर रविवारी तेच रेडिएटरमध्ये ओतत आलो. दसऱ्याला श. यांनी रेडिएटरमध्ये घालायच्या कूलंटचा डबा भेट दिला होता. गाडीची पूजा करताना सु. ने त्या डब्यालाही हळदकुंकू वाहिले. तो डबा मी उघडला नाही. अजून पडवीत आहे, कुंकवासकट.

दुपारी भोकाभोवतीची पाती पक्कडीने कापली. पॉलिशपेपरने घासून स्पिरिटने पुसले. इपॉक्सी गोंदाचे दोन्ही भाग सारखे घेऊन कालवले, लावले. उद्यापर्यंत हात लावायचा नाही. विहिरीच्या पाण्याचे सु. ला सांगितले नाही.

शनिवार, ८
बुडबुडा नाही. रेडिएटर बसवला, स्वच्छ पाण्याने धुतला, श. यांचा डबा फोडून कूलंट भरले. अंगणात इंजिन तापेपर्यंत चालवले. थेंब नाही. दुसरे विधान सिद्ध.

सु. : "शशीभावजींना सांगून येते, बिचाऱ्यांच्या जिवाला लागलंय. आणि उद्या त्यांनाही घेऊ. मागची सीट रिकामीच जाते."
"आपण दोघेच जातो."
"ते चुकलं म्हणाले, तर तुमच्या तोंडून साधं 'असू दे' निघालं नाही. निदान गाडीत तरी घ्या."
टायरची हवा पाहायला गेलो.

रविवार, ९, सकाळ
नारळ, फुले गाडीत. श. इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणापाशी. सु. त्यांना समजावते आहे : आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, परत काळभैरव. हे लग्नानंतर मी तिला सांगितले होते, याच शब्दांत.

न केलेल्या चुकीची कबुली देऊन ते तिला आवडले. केलेल्या चुकीची माझ्यापाशी आहे. तोंडी द्यायची तर वाटेवरच्या म्हसळ्याच्या आत द्यावी लागेल. त्यापुढे देऊळ जवळ आल्याने ती देवासाठी दिली असे दिसेल. आणि दिली, तर श. निर्दोष ठरून मागे बसतील, अधिकच

हॉर्न वाजतो आहे. उत्तम वाजतो.

पहिले विधान येथे, लेखी, मागे घेतो. रेडिएटरमध्ये विहिरीचे खारे पाणी मी घातले. तो माझ्या हातून गेला. चूक एवढीच मान्य.

मो. रा. गोगटे