रेडवूडखालचे रविवार

सॅन फ्रान्सिस्को, ५ जुलै १९९८, रविवार
आली नाही. सकाळी दहापासून दोनपर्यंत थांबले. पत्रात तिनंच लिहिलंय — ‘मोठ्या बागेत, रेडवूडच्या झाडांपाशी, रविवारी. कुठल्या रविवारी ते सांगत नाही. धीर झाला की येईन.’ खाली सही, कोलेट.
ती जन्मली तेव्हा मी तिचं नाव रूथ ठेवलं होतं. तीन दिवसांपुरतं. सतरा वर्षांची होते मी. चौथ्या दिवशी तिला दत्तक घेऊन गेले. आता ती एक्केचाळीस वर्षांची.

८ जुलै
बहिणीचा फोन. इर्मा म्हणते, “एवढी वर्षं गप्प राहिलीस, आता झाडाखाली बसून काय मिळणार?” फोन ठेवून दिला.

१२ जुलै
धुकं. बाहेर गवत कोरडं आणि झाडांखाली टपटप — वर पानांत धुकं साचतं आणि गळत राहतं. कोट भिजला.
आबाद नावाचा माळी आहे. म्हणाला, “बाई, भिजायला रविवारच सापडतो का?” त्याला सगळं खरं सांगितलं. का, कोण जाणे. नवऱ्याला सांगायला मला वीस वर्षं लागली होती. आबाद खाली पडलेल्या काड्या गोळा करत ऐकत होता. मग म्हणाला, “हे बाकडं शनिवारी रंगवणार होतो. राहू दे. रविवारी ओलं राहील.”

१९ जुलै
निळ्या कोटातली एक बाई जवळ आली. चाळिशीची. उठून उभी राहिले. तिला फक्त किती वाजले ते हवं होतं.

२६ जुलै
आबाद हळूच म्हणाला, “वळू नका. रस्त्यापलीकडे हिरवी गाडी आहे. दर रविवारी असते. आत एकच बाई. तुम्ही गेलात की तीही जाते.”
वळले नाही. पाहिलं तर निघून जाईल, असं वाटलं. दोन वाजले तरी उठले नाही. तीन. चार. पाठीमागं ती आहे, एवढंच पुरेसं होतं. साडेचारला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

२ ऑगस्ट
आज सरळ गाडीकडेच गेले. काच खाली झाली. आत वीसेक वर्षांची मुलगी, डोळे रडून सुजलेले.
“कोलेट माझी आई. मार्चमध्ये गेली. पत्र तिनंच लिहिलेलं, टाकायचं राहिलं होतं. मी टाकलं. पण तुम्हाला बसलेलं बघितलं की सांगवत नव्हतं.”
गाडीच्या टपाला धरून उभी राहिले. मग तिचं नाव विचारलं.
“मॅरिएल.”
पुन्हा सांग म्हटलं.