अस्वलाला नाकावर मारायचं

१० एप्रिल
ठरलं. ईदच्या सुट्टीत ज्ञानदाबरोबर हिमाचलला ट्रेकला जाते आहे. तिने नको म्हटलं नाही. फक्त "आई, आर यू शुअर?" असं तीनदा विचारलं. मी हा होकार धरते.

ऑगस्टमध्ये ती कॅनडाला चालली, कायमची. डोंगरातलं गाव आहे. एकुलती एक पोर, कुवेतमधल्या सलवाच्या याच फ्लॅटमध्ये रांगली, आणि आता तिला डोंगर हवेत. पण आज जेवताना स्वतःहून म्हणाली, की हा ट्रेक नीट पार पडला तर पुढच्या उन्हाळ्यात ती मला तिकडे बोलावून घेईल. चांगले चार महिने. दोघी मिळून डोंगर हिंडू.

तिच्या बाबांनी, नंदकुमारांनी, आमटी वाढून घेता घेता विचारलं, आणि नीट नाही पार पडला तर? जन्मभर लोकांचे हिशेब तपासल्यावर माणूस असाच होतो.

ठराव : उद्यापासून लिफ्ट बंद. जिना.

११ एप्रिल
लिफ्ट. गुडघा.

आलोकने सूचना पाठवल्या. हा ज्ञानदाच्या ऑफिसातला, ट्रेक तोच नेतोय. बूट, रेनकोट, औषधं वगैरे. तळाशी एक ओळ : या जंगलात काळी अस्वलं आहेत. बाकी सगळ्यांनी ती वाचून सोडून दिली असणार. मी दुपारभर व्हिडिओ पाहिले. एका बाईच्या डोक्याची कातडी अस्वलाने संत्रं सोलावं तशी सोलून काढली होती. एका माणसाचा गाल गेला, दाढा बाहेरून दिसतात. नंदकुमार पोहे टाकून उठले. पुरुषांना रक्त बघवत नाही.

ज्ञानदा पहिलीत होती तेव्हा शाळेची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि धुळीचं वादळ आलं. समोरची बिल्डिंग दिसेना. मी तिचं डोकं ओढणीत गुंडाळून दारापर्यंत आणलं. घरात आल्यावर मी सांगेपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. इतका विश्वास.

ठराव : तिच्या अंगावर ओरखडा येऊ देणार नाही. मग मला काय व्हायचं ते होवो.

१६ एप्रिल
काठी मिळाली. दुकानातल्या ट्रेकिंगच्या काठ्या ॲल्युमिनियमच्या, त्यांनी झुरळ मरणार नाही. आपल्या बिल्डिंगच्या हारिसला, म्हणजे रखवालदार साबीरला विचारलं. त्याने खालच्या खोलीतून फावड्याचा दांडा काढून दिला. विचारलं, "मॅडम, किसको मारना है?" म्हटलं, भालू को. तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

व्हिडिओत एक गृहस्थ सांगतात की अस्वलाचं नाक नाजूक असतं. नाकावर मारायचं. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये हॉकीला राइट विंग होते. सिस्टर युजीन सांगायच्या, चेंडूला मारू नका, चेंडूच्या पलीकडे मारा. त्यांचं ते वाक्य अजून कानात आहे. किती छान दिवस होते. एकदा मॅचमध्ये माझ्या फटक्याने मिशन स्कूलच्या गोलकीपरचे दोन दात पडले होते. गोल दिला नाही.

१८ एप्रिल
सराव. सोफ्यावर उशी उभी करून. उशी फाटली. टीपॉयची काच. टीव्हीला फारसं काही नाही, फक्त उजवीकडे एक हिरवी रेघ येते.

ज्ञानदा खोलीतून बाहेर आली. "आई, व्हॉट इज हॅपनिंग?" व्यायाम म्हटलं.

२५ एप्रिल
आज उशी नाही, नंदकुमार. काळं ब्लँकेट पांघरून त्यांनी पॅसेजमधून चार पायांवर यायचं असं ठरलं. ते आले, पण मोबाइल शोधत आल्यासारखे. तोंडाने "गुर्र" म्हणाले, तेही एकदाच. मी म्हटलं, मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे, जरा मनापासून करा. मग त्यांनी मनापासून केलं. मागच्या दोन पायांवर उठले, हात वर केले आणि ओरडले.

राइट विंग माणूस विसरत नाही.

भुवई फाटली. रक्त फार येतं भुवईतून, ही नवी माहिती. ब्लँकेट, गालिचा, पॅसेजची भिंत. क्लिनिकमध्ये इजिप्शियन डॉक्टर टाके घालताना माझ्याकडे बघत होता. मला बाहेर बसवून त्यांना एकट्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. नंदकुमार म्हणाले, बाथरूममध्ये पडलो. येताना गाडीत मी सांगितलं की फटका दोन बोटं खाली बसला असता तर थेट नाकावरच होता. त्यांनी रेडिओ लावला. कौतुक करायची सवय नाही त्यांना.

३ मे
तिखटाचा फवारा केला. लवंगी मिरची, व्हिनेगर, पाणी. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीत भरला. बाल्कनीत करून पाहिला. वारा उलटा निघाला, उघड्या दारातून सगळा जिन्यात गेला. तिथे साबीर फरशी पुसत होता. खाली बसला बिचारा, भिंत चाचपत. वरच्या मजल्यावरची नूरबानू नाकाला स्कार्फ लावून आली आणि विचारू लागली, सिलिंडर फुटलंय का. साबीरला ताक पाठवलं. दुपारपर्यंत दिसायला लागलं त्याला.

परिणामकारक. बरोबर नेणार.

१५ मे
ज्ञानदाने समोर बसवून घेतलं. अस्वल दिसलं तर थांबायचं. पळायचं नाही, ओरडायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. हळूहळू मागे सरकायचं. आणि मारायचं नाही. तिने हे मराठीत सांगितलं, म्हणजे फारच गंभीर होती. मी विचारलं, अंगावर आलं तर? ती म्हणाली, मग मी सांगेन तुला. प्रॉमिस कर.

केलं. लहानपणी तिला डॉक्टरकडे नेताना इंजेक्शन देणार नाहीत असं प्रॉमिस मीही करत असे. मायेपोटी केलेल्या प्रॉमिसचं वेगळं असतं.

२ जून
बॅग भरली. दांडा चेक-इनमध्ये जाणार. डिंकाचे लाडू केले, साजूक तूप सढळ हाताने, वर गूळ, खारीक, खसखस. गुडघ्यांसाठी. नंदकुमार येत नाहीत. म्हणाले, ऑडिट आहे. टाके निघाले तरी ते माझ्या उजव्या बाजूने जात नाहीत हे लक्षात आलंय.

५ जून. कॅम्प
पोचलो. देवदार, थंडी, ओढ्याचा आवाज. कुवेतहून इथे आलं की आपली कातडी ओली असू शकते हे आठवतं. ज्ञानदाने माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या. खाली वाकली तेव्हा तिच्या भांगात एक पांढरा केस दिसला. मग तंबूत जाऊन थोडी रडले.

संध्याकाळी आलोकने सगळ्यांचं खाणं गोळा केलं. चॉकलेटं, चिवडा, बिस्किटं, सगळं एका डब्यात, तो डबा दूर झाडाला टांगला. अस्वलाला वास लागतो म्हणे. मलाही विचारलं, काकू, तुमच्याकडे काही? नाही म्हटलं. लाडू म्हणजे काही खाणं नव्हे, औषध आहे ते. औषधं जवळ ठेवा असं त्याच्याच सूचनांत होतं.

७ जून. कुल्लू, हॉस्पिटल
शांतपणे लिहिते. असे प्रसंग आयुष्यात एकदाच येतात.

काल सकाळी चढ होता. आलोक आणि बाकीचे पुढे. माझ्या गुडघ्यामुळे मी मागे आणि माझ्यामुळे ज्ञानदा मागे. ती आपणहून बोलत होती, कॅनडातलं घर, त्याच्या मागचा डोंगर. माझ्यासाठी कुठली खोली तेसुद्धा सांगितलं. पूर्वेची. मी इतकी सुखात होते की पायाखाली बघत नव्हते.

वळणावर अस्वल. काळंकुट्ट, छातीवर पांढरी खूण. एवढं मोठं की आधी वाटलं खडक आहे. मग खडकाने मान वळवली आणि नाक वर करून हुंगायला लागला. माझ्याच दिशेने.

ज्ञानदा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दोन्ही हात वर करून, अंग मोठं करून. हळू आवाजात म्हणाली, "आई, हलू नकोस. मी आहे ना."

ते "मी आहे ना" ऐकलं आणि मला काही सुचेना. पहिलीतली पोर आईला म्हणते, मी आहे ना. मी दांडा उचलला. पलीकडे मारलं. सिस्टर युजीननी टाळ्या वाजवल्या असत्या.

धुमश्चक्रीच ती. त्या गडबडीत एक तडाखा ज्ञानदाच्या उजव्या मनगटावर बसला. काडेपेटी पायाखाली यावी तसा आवाज. ती ओरडली. अस्वल पाच-सहा पावलांवर होतं पण अस्वलं फार चपळ असतात, कुठून कसा पंजा येईल सांगता येत नाही. मी लगेच फवारा काढला. इथेही वारा उलटा. मग मला काहीच दिसेना.

पुढचं ऐकून माहीत. अस्वल गुरगुरत पुढे आलं. ज्ञानदाने डाव्या हाताने माझी पाठपिशवी ओढून काढली, उतारावर फेकली आणि माझी कॉलर धरून मला मागे मागे ओढत नेलं. मी आंधळी, ठेचकाळत. ओठ फुटला, दोन्ही ढोपरं सोलली. कानांवर पिशवी फाटल्याचा आवाज येत होता. नुसतं कापड नव्हे, चेन, बक्कल, डबा, सगळं. स्टीलचा डबा आलोकने नंतर आणून दाखवला. आरपार दात.

लाडू सगळे संपवले. एकही शिल्लक नाही.

एकूण, अस्वल मागे फिरलं. आम्ही दोघी जिवंत.

ज्ञानदाच्या मनगटात प्लेट बसवली. ती शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, अस्वलाने फार जोरात मारलं का गं? तिने प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, अस्वल काहीच करत नव्हतं."

भुलीचा अंमल होता.

१२ जून. सलवा
परत. नंदकुमार विमानतळावर आले होते. तिचं प्लास्टर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या भुवईवर बोट फिरवलं. दांडा हिमाचलमध्ये राहिला. आलोकने आणू दिला नाही.

२० जुलै
ज्ञानदाचा निरोप. इथल्या मराठी मंडळातले बरेच जण आले, तिच्या ऑफिसचेही. सगळ्यांना हाताचं कुतूहल. मी सांगायला सुरुवात केली, तर उर्वीने, ती बँकेतली हसरी मुलगी, तिने थेट ज्ञानदालाच विचारलं, खरंच अस्वलाने?

आलोक कोथिंबीर वडीकडे बघत होता.

ज्ञानदा म्हणाली, "हो. अस्वल."

नंतर स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, बघ, आता तुलाही आठवायला लागलं. तिने माझ्या गालाला डावा हात लावला. उजवा अजून नीट वळत नाही. म्हणाली, "यू आर इम्पॉसिबल, आई." तिच्या लहानपणी मी तिला हेच म्हणत असे, याच स्वयंपाकघरात.

उन्हाळ्याचा विषय मी काढला नाही. ठरलेलं आहे ते.

१६ ऑगस्ट
गेली.

विमानतळावर तिच्या बॅगा मीच उचलत होते, तिच्या हातामुळे. एक बॅग माझ्या हातून सुटून मागच्या गृहस्थांच्या पायावर पडली. अंगठ्याचं नख. त्यांनी फारच आरडाओरडा केला, त्यामुळे नीट निरोप घेता आला नाही. काचेपलीकडून तिने हात हलवला. डावा.

घरी आल्यावर नंदकुमारांनी चहा केला. टीव्ही लावला. हिरव्या रेघेसकट बघत बसलो.

१८ ऑगस्ट
ठराव : रोज चालायचं. गल्फ रोडवर, सूर्य उगवायच्या आत. पुढच्या जूनपर्यंत गुडघा तयार पाहिजे. कॅनडाच्या अस्वलांचे व्हिडिओ पाहायला घेतले. तिकडची जरा वेगळी, तंत्र बदलावं लागेल.

१९ ऑगस्ट
बाहेर भट्टी. उद्यापासून.

९ सप्टेंबर
ज्ञानदाचा फोन. तिकीट काढलं! स्वतःच्या पहिल्या पगारातून. मी म्हटलं, अगं जूनला एवढा वेळ आहे, आत्तापासून कशाला. तर जूनचं नाही, जानेवारीचं. पाच जानेवारीला निघायचं. जूनपर्यंत थांबवत नाही तिला. मला इतकं भरून आलं की तिकडची थंडी किती असते वगैरे विचारायचं राहूनच गेलं. पूर्वेच्या खोलीत हीटर बसवलाय म्हणाली.

नंदकुमारांना सांगितलं. ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "जानेवारीत तिथली अस्वलं झोपलेली असतात."

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? म्हणाले, काही नाही, सहज.

म्हटलं, आणि सगळा हिवाळा झोपतात का ती? उठतात की नाही कधी? म्हणाले, उठतात ना. एप्रिलच्या सुमारास.

ज्ञानदाने पाठवलेलं तिकीट नीट उघडून पाहिलं. परतीचं एकतीस मार्चचं आहे.