ओतून टाकलेली बाटली

प्रिय ताई, तुला नमस्कार, आणि बाबांना लांबूनच.

काल दुपारी मी भरलेली बाटली समुद्रात ओतली आणि तिथंच माझं नशीब फिरलं.

आम्ही या संशोधनाच्या जहाजावर प्लवक पकडतो, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव. अख्खा समुद्र त्यांच्यावर जगतो. जाळं वर आलं की ते बाहेरूनच धुवायचं, मग चिकटलेले जीव तळाच्या बाटलीत उतरतात. खलाशीकाकांनी घाईत आतून पाइप मारला आणि पाइपनं ओढलेल्या समुद्राच्या वरच्या पाण्यातले भलतेच जीव नमुन्यात गेले. "कुणाला कळतंय रे?" म्हणाले. माझं डोकं फिरलं. सगळं ओतून दिलं.

शास्त्रज्ञ मॅडम आधी ओरडल्या. कारण ऐकल्यावर म्हणाल्या, "कॉलेज सोडलंस, हे सोडू नकोस. लांबच्या सफरीत जाळं तुझ्याकडे."

ताई, छाती फुगलीय. उलट्या आता कमी होतात, काळजी करू नकोस. बाबा माझं काही विचारतात का?

समोरच्या घरातली ती म्हणाली होती, अर्धवट सोडणाऱ्याची वाट कोण बघणार? तिला सांग, ही सफर पुरी करूनच येतोय. तेवढं थांब म्हणावं.

तुझा तापट धाकटा

ता. क. बंदरावर जहाजाचा भोंगा झाला, लांबच्या सफरीचा. पत्र वाटेत टपालपेटीत टाकतो. पिशवी खांद्यावर घेतलीय. खोलीचं दार ओढून घेतो आणि निघतो.