जुलैपर्यंत मान्य

लेनिनग्राड, ४ सप्टेंबर १९४८

हात दाखवून अवलक्षण! दुसरं काय म्हणू?

विज्ञानाच्या इतिहासाचा तास होता. विद्वान मंडळी एखादं मत कधी मानू लागतात, कधी सोडतात, हे शिकवणं माझं काम. फळ्यावर एकेका मतापुढे सालं लिहीत गेले. जनुकांपाशी आले आणि सवयीने लिहून बसले — ‘जुलै १९४८ पर्यंत मान्य.’ खरंच तर आहे! ऑगस्टात मॉस्कोला कृषी अकादमीच्या अधिवेशनाने, पक्षाच्या संमतीने, जनुकं खोटी ठरवली. तोवर आमच्या विद्यापीठात तीच शिकवत होते.

मागून एका मुलीने विचारलं, ‘म्हणजे जुलैत ते खरं होतं?’

‘खरं-खोटं मी म्हणत नाही. मानलं जात होतं, एवढंच.’

तिने वही मिटली.

६ सप्टेंबर

वरून अजून बोलावणं नाही. हेच वाईट. जेवणाच्या सुट्टीत लोक थाळी घेऊन माझ्या टेबलापर्यंत येतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. कोबीचं सार तसंच टाकून उठले.

७ सप्टेंबर

झिनाइदा फोमिनिच्नांनी बोलावलं. आमच्याकडच्या पक्षाच्या चिटणीस. गोड बोलतात, त्याचीच जास्त भीती वाटते.

‘अहो, ते मत कधीच मान्य नव्हतं. चार लबाडांनी घुसडलेलं. तुम्ही म्हणता मान्य होतं — बरं! कोणाला? शुक्रवारी सभेत उभ्या राहा, नावं सांगा, चूक कबूल करा, बसा खाली. संपलं.’

कोणाला मान्य होतं? माझ्या प्रबंधात मी पानोपानी हाच प्रश्न विचारलाय! पण तो केव्हाच मेलेल्या माणसांबद्दल. त्यांना कोण धरून नेणार होतं?

पहिलं नाव कोणाचं, हे बाईंना ठाऊक आहे. ग्लेब मात्वेयेविच. इथे जनुकं शिकवली ती त्यांनीच. मलासुद्धा.

८ सप्टेंबर

त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. माश्यांच्या बाटल्या उकळत्या पाण्यात बुडवत होते — वरून हुकूम आहे. जनुकांच्या प्रयोगांसाठी इतकी वर्षं पोसलेल्या माश्या! मी बोलायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

‘माझं नाव घे पोरी. घेऊन टाक. म्हातारा झालो, माझं काय वाकडं करणार?’

‘नाही घेणार.’

‘गाढव आहेस!’ म्हणाले, आणि माझ्या चहात मुरांबा जरा जास्तच घातला. मग दाराला कडी आहे ना, ते दोनदा पाहून आले. म्हणजे तेही घाबरलेत. मला वाटायचं, मी एकटीच.

९ सप्टेंबर

जिन्यात पाऊल वाजलं की दिवा मालवते. आईला सांगितलेलं नाही. धरून न्यायला आलेच तर हाताशी असावं म्हणून पिशवीत लोकरीचे मोजे आणि साबण भरून ठेवलाय. तिने विचारलं तर म्हणेन, धोब्याकडे द्यायचंय.

आजवर लिहीत आले — नवा पुरावा येतो, मग मत बदलतं. इथे पुरावा होता तिथेच आहे. पारखायची रीतच बदलली. हेही प्रबंधात यायला हवं — काय बाई मी! प्रबंध कसला सुचतोय!

उद्या तोंडातून त्यांचं नाव निघालं तर? भीतीने माणूस काहीही बोलतो. मला माझीच धास्ती वाटते.

१० सप्टेंबर

सभा झाली. मी उठायच्या आत ग्लेब मात्वेयेविच उठले. ‘जनुकं मी एक दिवसही मानली नाहीत.’ माझ्याकडे पाहिलं नाही. मग मागोमाग एकेक जण — मीही नाही, मीही नाही.

झिनाइदा फोमिनिच्ना हसत माझ्याकडे वळल्या. ‘मग मानत होतं तरी कोण, क्सेनिया अर्काद्येव्हना?’

‘मी,’ म्हणाले.