वहीतलं ‘ठीक’

प्रिय ठमे,

हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत फ्रिज उघडू नकोस. का, ते पुढे येईलच. मला कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नाही असं तुझी आई म्हणायची, आणि माझ्याबद्दल तिचं सहसा चुकायचं नाही. पंपघराला क्लोरीनची सिलिंडरं पोचवणारा आमचा ड्रायव्हर उद्या तुझ्या गावावरून जातोय, त्याच्याकडे हे देते आहे. तुझ्या हातातच द्यायचं, दाराखालून सरकवायचं नाही, असं त्याच्याकडून दोनदा कबूल करून घेतलंय. सोमवारपासून तुला सात फोन केले. तू एकही उचलला नाहीस. ‘बरी आहेस ना?’ असा मेसेज केला तर नुसता अंगठा पाठवलास. त्या अंगठ्याने माझी झोप उडवली आहे.

इकडची हकिगत सांगते. तू रविवारी गेलीस, त्यानंतर मी आईच्या पार्लरचं उरलंसुरलं आवरलं. दोन्ही खुर्च्या समोरच्या गल्लीतल्या न्हाव्याने नेल्या. केस धुवायचं बेसिन मात्र भिंतीतून काढता येईना, प्लंबर म्हणाला फरशी फुटेल, म्हणून ते तसंच राहिलं. आरशाच्या कडेला तिने चिकटवलेली वजनाची चिठ्ठी मी काढली नाही. तिच्यावर एकाखाली एक आकडे आहेत आणि सर्वांत खाली हाडांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेला आकडा, त्याभोवती लिपस्टिकचं वर्तुळ. शेवटचा आकडा आणि ते वर्तुळ यांत सव्वा किलोचं अंतर राहिलं. परवा त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन आला, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पक्की करायची का म्हणून. मी म्हटलं, नको. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, हरकत नाही, तयारी झाली की कळवा.

तुला वाटतं तिने ते वजन उतरवायचं इंजेक्शन हौसेने घेतलं. खरं सांगायचं तर हौस तिला कशाचीच उरली नव्हती. दिवसाचे नऊ तास उभं राहून लोकांचे केस कापायचे आणि गुडघ्यात वाटी घासते आहे. दोन गिऱ्हाइकांच्या मधे ती भिंतीला हात धरून उभी राहायची, बसायची नाही, कारण बसलं की उठायचे वांधे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, पंधरा किलो उतरवा, मग गुडघ्याला हात लावतो. म्हणून ती वजनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई चांगल्या आहेत, हे मला आधी लिहून टाकू दे. त्यांनी कधी काही लपवलं नाही. थोडं थोडं खा, पोट भरलं की घास खाली ठेवा, तळलेलं टाळा, पाण्याचे घोट दिवसभर चालू ठेवा, डोस महिन्या-महिन्याने चढवू आणि तोही सोसला तरच. पोट वरच्या बाजूला दुखून पाठीत कळ गेली आणि थांबली नाही, किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका. हे सगळं माझ्यासमोर सांगितलं. आणि एक वही दिली. तारीख, वजन, मळमळ, उलटी, शौचाला झालं की नाही, पोटात दुखलं का, पाणी किती, असे रकाने पाडलेली. आई म्हणाली, ही वही माझ्या ताईकडे द्या, तिचा जन्म रकाने भरण्यात गेलाय.

खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं मी पंपघरात तासातासाला पाण्याची पातळी आणि दाब लिहिते आहे. तू लहानपणी माझ्याबरोबर यायचीस तेव्हा तुला विचारायला आवडायचं, मावशी, चुकलं तर? आणि मी तुला साहेबासारखी सांगायचे, चुकलेली नोंद खोडायची नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला खरा आकडा लिहायचा आणि खाली सही. म्हणजे काय चुकलं होतं तेही वाचता आलं पाहिजे. तू घरी जाऊन शुद्धलेखनाच्या वहीत तसंच केलंस आणि शाळेतल्या बाईंचा मार खाल्लास.

आईची वही पहिले दोन महिने मी तशीच लिहिली. मळमळ होती, ती लिहिली. सडक्या अंड्यासारख्या ढेकरा यायच्या, त्याही लिहिल्या. त्यावर ती माझ्यावर चिडली, म्हणाली, असलं कुणी लिहितं का, उद्या डॉक्टरीणबाई खिडकी उघडून बसतील. आम्ही दोघी हसलो होतो. तिसऱ्या महिन्यात डोस चढला आणि हसणं संपलं. केसांच्या रंगाचा वास आला की तिला उचमळून यायचं. ती गिऱ्हाइकाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळायची, ‘पाच मिनिटं रंग मुरू दे’ म्हणायची आणि मागच्या बेसिनला नळ मोठा सोडून ओकायची, म्हणजे पाण्याच्या आवाजात बाहेर काही कळू नये. मग खळखळून चूळ भरून, पदराने तोंड पुसून परत कात्री हातात. एका बुधवारी असं चार वेळा झालं. मी वहीत चार लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी ते चार वाचलं आणि डोस चढवायचा थांबवला. आहे त्यावरच आणखी महिना राहा, म्हणाल्या. वजन उतरायचा वेग मंदावला आणि ऑपरेशनची तारीख सहा आठवडे पुढे गेली. घरी येताना जिन्यात तुझी आई मधल्या पायरीवर थांबली. तिला पाय उचलेना. तिथेच मला म्हणाली, तुझं पंपघर तुझ्यापाशी ठेव, मला उभं राहायचंय. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ठीक लिही.

मी लिहिलं.

ठमे, मला कुणी धाक दाखवला नव्हता. ती धाकटी, मी थोरली. मला नाही म्हणता आलं असतं. पण तिने बोलणं टाकलं होतं ते दोन दिवस मला घर खायला उठलं होतं, आणि एका ओळीने काय होतंय असं वाटलं. तिथून पुढे अकरा आठवडे आमची अळीमिळी गुपचिळी. रोज सकाळी मी विचारायचे, काय लिहू, आणि ती आरशातून माझ्याकडे न बघता म्हणायची, ठीक. पंच्याहत्तर ओळी आहेत. सहा-सहा दिवस शौचाला होत नव्हतं, त्या दिवसांपुढे ठीक. मग एकदम जुलाब लागून ती दुकान बंद करून घरी आली, त्या दिवशीही ठीक. पाण्याच्या रकान्यात मी आठ पेले लिहायचे. तिला धड तीन जात नव्हते, घोट घेतला की परत यायचा. ओठांच्या कडा फाटल्या तर म्हणाली हवा कोरडी आहे. गिऱ्हाइकं म्हणायची, काय बारीक झालात, काय करता तरी काय? तेव्हा मात्र ती खुलायची, आणि ते बघून मलाही वाटायचं, चाललंय ते बरंच आहे. डॉक्टरीणबाई वही चाळून म्हणायच्या, छान सोसतंय तुम्हाला. डोस दोनदा चढला. शेवटच्या पायरीपर्यंत.

अकराव्या आठवड्यात मंगळवारी दुपारी तिला दुखायला लागलं. छातीच्या खाली, वरच्या पोटात, आणि तिथून आरपार पाठीत. गिऱ्हाइकाचे केस अर्धे कापून झाले होते. तिने ते पुरे केले, पैसे घेतले, मग बाकावर कुशीवर पडली, गुडघे पोटाशी घेऊन. दुखऱ्या गुडघ्याचंही भान नव्हतं तिला. मी म्हटलं, बाईंना फोन करते, हे त्यांनी सांगितलं होतं तेच आहे. ती म्हणाली, सव्वा किलो राहिलंय, आता फोन केलास तर सगळं बंद होईल, गॅस झालाय, जाईल. मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. बुधवारी सकाळी वही काढली. तिने डोळे मिटूनच मान हलवली आणि मी लिहिलं. त्या वहीतलं शेवटचं ठीक ते. गुरुवारी तिचे डोळे पिवळे दिसले तेव्हा गाडी बोलावली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखतंय? वही माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, आज सकाळपासून. पित्ताशयातला खडा सरकून अडकला होता, स्वादुपिंड सुजलं होतं. वजन झपाट्याने उतरलं की असे खडे होतात म्हणे, आणि अंगात पाणी नसल्यामुळे मूत्रपिंडंही थकली होती. नऊ दिवस तिने झुंज दिली. तू तिसऱ्या दिवशी पोचलीस. बाहेरच्या बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारलंस, आधी काहीच त्रास नव्हता का ग तिला? मी म्हटलं, काही नाही, अचानकच झालं. तू म्हणालीस, तू तिच्याजवळ होतीस म्हणून बरं, मावशी. त्या वाक्यानंतर मी तुझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोललेली नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. सगळं झाल्यावर मी डॉक्टरांना एकट्यात गाठून खरं सांगितलं आणि विचारलं, दोन दिवस आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. वाचली असती असं ते म्हणाले नाहीत आणि नसती वाचली असंही म्हणाले नाहीत. मला त्यातलं कुठलंच आता मिळणार नाही.

हे मी तुला कधी सांगितलं असतं का? नाही. माझा पिंड तुला ठाऊक आहे, मी मूग गिळूनच मेले असते. पण काल फ्रिज पुसायला काढला. दाराच्या कप्प्यात तिच्या इंजेक्शनचं खोकं होतं. शेवटच्या पायरीचा डोस, टोचायच्या चार पेनांतलं एक वापरलेलं, तीन शिल्लक असायला हवी होती. ती परत द्यायला मला धीर होत नव्हता, म्हणून तशीच पडली होती. खोकं उचललं तर आत एकच पेन. एक मागे ठेवलंस, खोकं हलवलं तर वाजावं म्हणून. जाताना माझी बर्फाची पिशवी मागून नेलीस, बसमध्ये डोकं दुखतं म्हणालीस. आणि आईची आठवण म्हणून वही मागितलीस. मीच ती तुला कागदात गुंडाळून दिली. तू ती वाचली असणार, आणि वाचून तुझी खात्री झाली असणार की आईला औषध मानवलं होतं, शेवटी नशीब आडवं आलं. माझं अक्षर सुवाच्य आहे, कुणाचाही विश्वास बसेल. आठवड्याच्या इंजेक्शनला तू आईचाच वार धरशील हे मला माहीत आहे. तिचा शुक्रवार होता. म्हणून हे गुरुवारी तुझ्या हातात पडायला हवं. त्यातलं एकही पेन टोचून घेऊ नकोस. त्या डोसपर्यंत तुझी आई सहा महिन्यांत एकेक पायरी चढत गेली. तिचा पहिला डोस याच्या जेमतेम दहावा हिस्सा होता, आणि तोही तिला जड गेला होता. आधीच घेतलं असशील तर आज, आत्ता, डॉक्टरकडे जा, पेन बरोबर ने, आणि जे होतंय ते सगळं सांग, लाज वाटेल तेही सांग. वजन उतरवायचं असेल तर उतरव, मी आड येणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघी जाऊ आणि पहिल्या पायरीपासून बघू. ठमी हे नाव मीच तुला ठेवलं, तू चार वर्षांची, गुबगुबीत होतीस, सगळे हसले आणि तूही हसलीस. तुला ते पुढे कधी बोचलं का, हे मी तीस वर्षांत विचारलं नाही. बोचलं असेल तर तेही सांग. मी शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने येते आहे, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता सुट्टी घेतली आहे. वही टेबलावर काढून ठेव. त्या पंच्याहत्तर ओळींवर मी तुझ्यासमोर एकेक आडवी रेघ मारणार आहे, बाजूला आठवेल तसं खरं लिहिणार आहे आणि प्रत्येकीखाली सही करणार आहे. दार उघडलंस की मी तुला विचारीन, कशी आहेस. तेव्हा ठीक एवढं सोडून काहीही म्हण.

तुझीच,
मावशी