ताईचा नंबर व्यस्त आहे

६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचली असशीलच. विमानाचं काही बरंवाईट झाल्याचं वर्तमानपत्रात नाही. लेकीचा मोडलेला पाय कसा आहे ते सविस्तर लिही.

मी मुद्दाम फोन करत नाही, तूही करू नकोस. लाइन मोकळी राहिली पाहिजे. कारण तुला ठाऊक आहे, पण मला पुन्हा लिहायला आवडतंय. पोस्टातल्या बाई अजून नाही म्हणालेल्या नाहीत! बावन्नाव्या वर्षी मी लग्नाचं विचारलं, तेही त्यांचे डोळे चौथ्यांदा विनाकारण तपासून झाल्यावर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या की माणूस कसा आहे हे त्याच्या बहिणीला विचारावं, तेव्हा तुमच्या ताईंशी फोनवर बोलेन आणि मग उत्तर देईन. तोवर पोस्टाच्या खिडकीवर हा विषय काढायचा नाही. मी वचन दिलं, आणि तू नेमकी त्याच आठवड्यात विमानात! त्यातून त्यांचा बदलीचा कागद आलाय. तीस तारखेपर्यंत हो की नाही ते लिहून द्यायचंय. हो लिहिलं तर त्या दुसऱ्या गावी आणि मी माझ्या चष्म्यांच्या दुकानासकट इथे. म्हणून तुझा इथला नंबर या महिन्यात लागलाच पाहिजे.

आता एक कबुली. तू बॅगा भरत होतीस तेव्हा तुझा फोन घेऊन मी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलीने अशी सोय करून दिली की तुझा नंबर परदेशात बंद पडला तर येणारा फोन आपोआप माझ्याकडे वळेल. तिला म्हटलं, कोणाला सांगू नकोस. मी आरशासमोर सराव केलाय, नमस्कार, ताईला निरोप देतो, एवढंच बोलायचं. अजून फोन आला नाही. खरं म्हणजे कोणाचाच आला नाही. गिऱ्हाइकंसुद्धा फोन न करता थेट दुकानात येऊन भांडतात. इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नव्हती.

लोभ आहेच, अंतराने तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१४ जून

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला आणि लेक इतकी हसली की प्लास्टरचा पाय पलंगावरून खाली आला. शांतता म्हणे! आता माझी कबुली ऐक.

निघायच्या दिवशी तू आंघोळीला गेलास तेव्हा तुझा फोन घेऊन मी त्याच दुकानात, त्याच मुलीकडे गेले आणि तुझे सगळे फोन माझ्याकडे वळवून आले. मी तुला ओळखते ना! पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, तर तू राँग नंबर म्हणून ठेवलास आणि गच्चीवर जाऊन बसलास. बाईंनी चुकून तुला फोन केला असता तर पुन्हा तेच. मीही त्या मुलीला कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं. तिने दोघांचंही गुपित राखलं, गुणी पोर.

त्यात आणखी मी शहाणी. इथे आल्यावर ते इवलंसं कार्ड हरवेल म्हणून फोनमधून काढलं, बटव्यात घातलं आणि बटवा कमरेला खोचला. नंबर चोवीस तास माझ्याजवळ आहे म्हणून मी निर्धास्त! लेकीने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझा बंद म्हणून फोन तुझ्याकडे, तुझा वळवलेला म्हणून माझ्याकडे, माझा बंद म्हणून परत तुझ्याकडे. आपण दोघं दारात उभे राहून आधी तू, आधी तू करतोय आणि पाहुणी बाहेर ताटकळतेय. कार्ड लगेच फोनमध्ये घातलं. तुला कळवायला लेकीने तुझा नंबर लावला तर माझाच फोन वाजला. मी उचलून कोण बोलतंय विचारलं, तर ती शेजारून म्हणाली की मीच. असं दोनदा झालं. तुझ्या फोनची गाठ तुलाच सोडवावी लागणार, म्हणून हे पत्र. बाईंचा नंबर माझ्याकडे नाही आणि पोस्टाचा फोन कोणी उचलत नाही.

बाईंनी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलंय. खरं तेच सांगणार. राग आला की दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी कुंड्यांशी बोलायला लागतो. दाढी करताना गातो आणि सुराशी त्याचं कायमचं वाकडं आहे. मोडक्या चष्म्यांच्या दोन पेट्या पलंगाखाली आहेत, टाकू देत नाही. स्वतःची चूक कबूल करायला त्याला आठवडा लागतो.

आणि हेही सांगणार आहे. माझे यजमान गेले तेव्हा तू सव्वीस वर्षांचा होतास. दुसऱ्याच दिवशी येऊन आम्हा मायलेकींच्या बॅगा उचलल्यास, तुझी खोली आम्हाला दिलीस आणि स्वतः दुकानात झोपायला लागलास. नऊ वर्षं. लग्नाचा विषय निघाला की गिऱ्हाईक आलंय म्हणायचास. मला तेव्हाही सगळं कळत होतं. कधी बोलले नाही, आज लिहिते. तुझा संसार झालेला बघायचाय, यापरतं मला आता काही नको.

फोन सोडव. आशीर्वाद आहेतच, तू तेवढी माया राख.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. आज खिडकीवर गेलो तर बाईंनी मान वर न करता सांगितलं की तुमच्या ताई फारच व्यस्त असतात, तेरा तारखेपर्यंत अकरा दिवस फोन लावला, आता लावणार नाही. आणि शिक्का असा हाणला की शाईची डबी उडाली. मी काही बोललो नाही. वचन! नुसती तिकिटं मागितली आणि घाबरून इतकी घेतली की चार वर्षं पुरतील.

ताई, तू त्यांचा फोन का घेत नाहीस? एवढं बोलतेस तरी कोणाशी? बदलीचा कागद त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे. मला बाहेरून वाचता आला. सही तेवढी राहिलीय. हे पत्र तुला मिळेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल हे कळतंय, तरी लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला लिहू? मला त्या फार आवडतात गं. पाकीटसुद्धा त्यांच्याच हातून जायचंय, म्हणून पत्ता सुवाच्य काढलाय.

लोभ असू दे, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा,
धाकटा

२४ जून

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

हा मायना लिहिताना तीन कागद फुकट गेले. माझं उत्तर तुम्हाला त्यातच कळलं असेल. ते कसं ठरलं हे मात्र सांगायला हवं, कारण त्यात तुमचाच हात आहे.

काल तुमचं पाकीट आलं. मी ते खिडकीतून सरकवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ह्यांनी तिथेच फोडलं. वाचता वाचता आधी पांढरे पडले, मग लाल झाले, आणि मग रांगेच्या मधोमध उभे राहून सगळं मोठ्याने वाचू लागले, अगदी ठोंब्यापासून. मी वचनाची आठवण करून दिली, तर म्हणाले की मी विषय काढत नाही, ताईचं पत्र वाचतोय. रांगेत नऊ माणसं होती, एक हललं नाही. फोनचा घोळ ऐकून पेन्शनवाले आजोबा इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. कुंड्यांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. ह्यांनी तोही वाचला. मोडके चष्मे, बेसूर गाणं, आठवड्याने येणारी कबुली, सगळं खणखणीत आवाजात झालं. आणि मग एकदम फोन सोडव, आशीर्वाद, तुझी ताई.

वन्सं, पत्रं हाताळण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. एक पान न वाचताच मागे गेलेलं मी पाहिलं. ते मागितलं तर म्हणाले, त्यात काही नाही, घरगुती आहे. मी हात पुढे करून उभीच राहिले तेव्हा दिलं. ते मी मनातच वाचलं. स्वतःचे दुर्गुण नऊ जणांना ऐकवून चांगलं तेवढं लपवणाऱ्या माणसाबद्दल मी तुम्हाला आणखी काय विचारणार होते?

खिडकी पाच मिनिटं बंद केली, थोडी रडले, आणि काचेखालचा कागद काढून त्यावर बदली नको असं लिहून सही केली. रांगेने टाळ्या वाजवल्या. गप्प बसा म्हटलं, कोणी ऐकलं नाही.

तारीख तुम्ही आल्यावर ठरवू. मी एकच अट घातली आहे. घरातली तुमची खोली तुमचीच राहील, हवं तर आम्ही दुकानात झोपू. ती ऐकल्यावर मात्र हे चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

लोभ मागत नाही, घरचाच आहे असं धरून चालते.

तुमची,
भावजय